आमची हरकत आणि सोनूवहिनींची ओवळ

भांडुप (पश्चिम)
बुधवार, दुसरा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप धोंडूदादास दत्तारामचा वाकून नमस्कार. (कंबरेला पट्टा आहे, त्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढंच वाकलोय. उरलेलं मनात धर.) इकडे आम्ही दोघं ठीक. रुक्मिणीचे गुडघे आणि माझी कंबर यांनी आपसात वार वाटून घेतलेत, त्यामुळे घरात रोज एक माणूस तरी चालता असतो. तुझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि पट्टी सुटल्यावर तू वहिनीकडे निरखून बघत "तू कधी म्हातारी झालंस?" असं विचारलंस, हे आम्हांला कळलं. त्यावर वहिनी दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही, तेही कळलं. उजवा डोळा करशील तेव्हा पट्टी सुटल्यावर आधी आरशात बघ. कोकमाच्या आगळाच्या बाटल्या पोचल्या. एक फुटली, पण ती गाडीवाल्याच्या सीटवर, आपल्या नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. आमच्या खिडकीसमोर मेट्रोचं उरलेलं काम अजून चालतं आणि तिथलं मशीन बोलायला लागलं की घरात दुसऱ्या कोणाला बोलता येत नाही. मागे मी फोन केला तेव्हा "बाग गेली, बाग गेली" म्हणून ओरडत होतो आणि तू पलीकडून "वाघ मेलो? खयचो वाघ?" असं विचारत होतास. शेवटी कंटाळून मी "हो, मेला" म्हटलं आणि ठेवून दिला. त्यावरून तू वाडीभर सांगितलंस की भांडुपात वाघ मारला. तर दादा, तो वाघ नव्हता, बाग होती. ती कशी गेली ते सांगायला कागदच बरा. शिवाय या गोष्टीत मी जे केलंय ते मोठ्याने ओरडून सांगण्यासारखं नाही.

बाग तू पाहिलीयस. आमच्या श्रुतिकाच्या बारशाला आला होतास तेव्हा जिथे बसून तू दोन पानं खाल्लीस आणि थुंकायला जागा सापडेना म्हणून गिळलीस, तीच. आधी तो नुसता मोकळा प्लॉट होता, पालिकेचा, राडारोडा आणि डुकरं यांच्या वहिवाटीचा. आमच्या इमारतीतला धाकू (तळमजल्यावरचा, सोनूवहिनींचा नवरा) गिरणीत होता. गिरणी बंद पडली तरी तो आठ महिने पहिल्या पाळीच्या वेळेला डबा घेऊन घरातून निघायचा आणि त्या प्लॉटमध्ये दगडावर बसून राहायचा. दुपारी डबा खायचा, पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचा. सोनूवहिनींना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, पण त्यांनी डबा भरून देणं चालू ठेवलं. मग एकदा गावाहून येताना त्याने ओवळीचं रोप आणलं. इथले लोक बकुळ म्हणतात. म्हणाला, नुसता बसतो त्यापेक्षा राखण करतो. डबा खाऊन झाला की डबा धुतलेलं पाणी त्या रोपाला. अशी ती बाग सुरू झाली. पुढे धाकूला एका कंपनीत वॉचमनची नोकरी लागली, बाकीच्यांनी आंबा, कडुनिंब, तगर लावली, पालिकेने कुंपण घातलं, आणि धाकू वारल्यावर बाग जाईपर्यंतची बावीस वर्षं रोज सकाळी दोन बादल्या घेऊन सोनूवहिनी तिथे जात होत्या. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी थांबवलंही नव्हतं.

मग आजूबाजूच्या पाच इमारतींनी मिळून 'परिसर रहिवासी संघ' काढला आणि बाग देखभालीसाठी दत्तक घेतली. दत्तक घेणं म्हणजे काय, तर पाणी सोनूवहिनींनी घालायचं आणि फलकावर नावं आमची. मी चिटणीस. अकरा वर्षं चिटणीस आहे, कारण अक्षर चांगलं आहे आणि नाही म्हणता येत नाही. या संघाने अकरा वर्षांत काय केलं म्हणशील तर बैठका. बाकावर बसणाऱ्या जोडप्यांचं काय करायचं यावर सात बैठका झाल्या आणि शेवटी बाकाच्या मधोमध एक लोखंडी दांडी बसवली. त्याने जोडपी गेली नाहीत, आमच्यासारख्यांना आडवं होता येईना एवढंच झालं. सकाळी हसण्याचा वर्ग भरायचा, त्याच्या आवाजाने दुसऱ्या मजल्यावरची माणसं रडकुंडीला यायची, त्यावर चार बैठका. आमचे अध्यक्ष चंद्रप्रकाश प्रत्येक बैठकीच्या शेवटी म्हणायचे, "ही बाग म्हणजे आपलं फुफ्फुस आहे." बागेत त्यांना मी फक्त झेंडावंदनाला पाहिलंय.

तीन वर्षांपूर्वी बागेच्या फाटकावर एक कागद लागला. मेट्रोच्या स्टेशनासाठी सामान ठेवायला ही जागा 'तात्पुरती, अठरा महिन्यांकरिता' घेण्यात येत आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावी. दादा, हरकत हा शब्द वाचला आणि आमच्या संघात जीव आला. एवढी गर्दी बैठकीला मी कधी पाहिली नव्हती. धूळ होईल, आवाज होईल, भिंतींना तडे जातील, मुलांनी खेळायचं कुठे, म्हाताऱ्यांनी बसायचं कुठे, उंदीर येतील, पाण्याची लाइन फुटेल, आणि पाचव्या इमारतीतल्या एका बाईंनी विचारलं की मेट्रोतून आमच्या बाथरूममध्ये दिसेल का. मी सगळं लिहून घेतलं. घरी येऊन दोन दिवस बसून साडेतीन पानांचं हरकतपत्र तयार केलं. तुला वाचून दाखवायला हवं होतं. 'या हिरव्या तुकड्याचा बळी देऊन मिळणारा वेग आम्हांस नको' असं एक वाक्य त्यात होतं. रुक्मिणीने ते ऐकून गॅस बारीक केला, म्हणजे बघ. दोनशे एकोणीस सह्या झाल्या. पहिला अंगठा सोनूवहिनींचा. त्यांना सही येते, पण म्हणाल्या, झाडाच्या कामाला अंगठाच बरा.

ते पत्र घेऊन आम्ही मेट्रोच्या ऑफिसात गेलो. तिथे म्हणाले, जमीन आमची नाही, पालिकेकडे जा. पालिकेत म्हणाले, बाग आमची पण काम त्यांचं. तिसऱ्या ठिकाणी एक भला माणूस भेटला, त्याने पत्र शेवटपर्यंत वाचलं, "मराठी छान आहे" म्हणाला, आणि आवक-क्रमांक टाकून दिला. मला इतका आनंद झाला की बाहेर येऊन आम्ही सगळ्यांनी मिसळ खाल्ली.

आठवड्याने ठेकेदाराचा इंजिनिअर स्वतः बैठकीला आला. नाव सुयोग. पोरगा सभ्य, हेल्मेट काढून हातात धरून बोलणारा, म्हाताऱ्यांना खुर्ची देणारा. अशा माणसांपासून जपून राहावं हे मला आता कळतंय. त्याने लॅपटॉपवर चित्र दाखवलं. काम झाल्यावरची बाग. त्यात आमच्या खऱ्या बागेपेक्षा तिप्पट झाडं होती, सहा गोऱ्या बायका कुत्री घेऊन फिरत होत्या आणि आमची इमारत काढून टाकलेली होती. चंद्रप्रकाशांनी विचारलं, आमची बिल्डिंग कुठे आहे. तो म्हणाला, सर, ती समजून घ्यायची. मग जाता जाता, जसं काही सहज आठवलं असं, तो म्हणाला की स्टेशनचा जिना कुठल्या बाजूला उतरवायचा हे अजून पक्कं नाही. आपल्या बाजूला, अगदी सोसायटीच्या फाटकासमोर उतरवता येईल. सरकता जिना. पण त्यासाठी लोकांचं सहकार्य आहे असं वर दिसलं पाहिजे.

दादा, त्या रात्री पाचही इमारतींत कोणी झोपलं नसेल. जिना. फाटकासमोर. रिक्षावाल्यांची मनधरणी नको, पुलावरची चढउतार नको. पंधरा दिवसांत संघाचं मन असं वळलं की मला वाटलं मी दुसऱ्याच बैठकीला आलोय. तीच माणसं, त्याच खुर्च्या. धूळ काय कुठेही होते. उंदीर तर आत्ताही आहेत. बाथरूमवाल्या बाई म्हणाल्या, पडदा लावीन. आणि चंद्रप्रकाश म्हणाले की फुफ्फुस अठरा महिने बंद राहिलं तर काही बिघडत नाही. (हे त्यांनी विचार करून म्हटलं. मी इतिवृत्तात लिहिलंय.)

आता माझं सांगतो. मी काय केलं? मी काही बोललो नाही. श्रुतिका लग्न होऊन अंधेरीला गेली, तुला माहीतच आहे. तिथून इथे यायला तिला दोन वेळा गाडी बदलावी लागते आणि दीड तास जातो, म्हणून ती महिन्यातून एकदा यायची, मग दोन महिन्यांतून. मी मनात म्हटलं, जिना समोर उतरला तर पोरगी दर रविवारी येईल. नातवाला घेऊन येईल. एवढंच माझं पाप, पण ते पुरलं. चंद्रप्रकाशांनी ना-हरकत पत्र लिहायला सांगितलं. मी जुनं पत्र समोर घेतलं आणि तेच सुधारलं. 'विरोध'च्या जागी 'सहकार्य' घातलं, 'नको'च्या जागी 'स्वागतार्ह आहे'. साडेतीन पानांत फार बदल करावे लागले नाहीत. हे मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं. खाली चिटणीस म्हणून माझी सही.

सह्या गोळा करत मी तळमजल्यावर गेलो. सोनूवहिनी तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना अठरा महिने, जिना, झाडं तोडणार नाहीत तर मुळासकट उचलून दुसरीकडे लावणार, काम झालं की बाग परत, सगळं समजावलं. त्यांनी ताट बाजूला ठेवून पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "दत्ता, तू एकदा नाय म्हणान लिवलंस, आता होय म्हणान लिवलंस. तिसऱ्यांदा काय लिवतलंस?" मी म्हटलं, वहिनी, सगळ्यांनी केलीय सही. त्या म्हणाल्या, मग माझी कशाला हवी? आणि परत तांदूळ निवडायला लागल्या. कागदावर एक जागा रिकामी राहिली. चंद्रप्रकाश म्हणाले, चालेल, दोनशे अठरा म्हणजे एकमतच.

झाडं न्यायचा दिवस उजाडला. कागदोपत्री याला पुनर्रोपण म्हणतात. (मुंबईत 'पुनः' लागलेल्या शब्दाची मला धास्ती आहे. पुनर्वसन झालेली माणसं माहुलला रिफायनरीच्या वासात नेऊन ठेवली, तीही कागदोपत्री सुखात आहेत.) प्रत्येक झाडाला पत्र्याचा बिल्ला ठोकला होता. ओवळीचा नंबर एकतीस. आंब्याला जागा नाही म्हणून तो तिथेच कापला, त्याचा बिल्ला मात्र ट्रकमध्ये गेला. ओवळीच्या भोवती खड्डा खणला, फांद्या इतक्या छाटल्या की नुसता हात वर केलेला माणूस उभा आहे असं दिसायला लागलं, मुळांना गोणपाट गुंडाळलं आणि क्रेनने उचललं. चाळीस वर्षांचं झाड, दादा, लग्नातल्या नवरदेवासारखं खांद्यावर घेतल्यागत वर गेलं. खालून माती पडत होती. त्या मातीत एक ॲल्युमिनियमचं चेपलेलं झाकण निघालं, डब्याचं. वहिनींनी ते उचललं, पदराला पुसलं आणि कमरेला खोचलं. मग त्या सरळ सुयोगकडे गेल्या आणि त्याला सांगायला लागल्या, पाणी सकाळीच घालायचं, बुंध्यात नाही तर हातभर लांब गोल आळं करून, आणि पहिला महिना एक दिवससुद्धा चुकवायचं नाही. त्याने वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, मी पाहिलं. पण पाणी घालणारा आणि वही वाचणारा ही दोन वेगळ्या ठेक्यांतली माणसं होती, हे मला नंतर कळलं.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते हळूहळू घडलं. बागेला निळे पत्रे लागले. अठरा महिन्यांचे चोवीस झाले, मग तीस. धूळ झाली, भिंतीला तडे गेले, उंदीर आले, पाण्याची लाइन दोनदा फुटली. माझ्या हरकतपत्रातला एकही मुद्दा वाया गेला नाही. आणि जिना उतरला रस्त्याच्या पलीकडे, नव्या टॉवरच्या तोंडाशी. आमच्या फाटकासमोर काय आलं? विजेची मोठी खोली आणि तिच्यावर 'धोका' लिहिलेली कवटी. आम्ही सुयोगला शोधायला गेलो तर त्याची बदली झालेली. नव्या इंजिनिअरने फाइल काढली, माझं पत्र बाहेर काढलं आणि म्हणाला, पण तुमचं तर पूर्ण सहकार्य आहे, काका. किती छान लिहिलंय. चंद्रप्रकाशांनी याच सुमारास फ्लॅट विकला आणि मुलुंडला टॉवरमध्ये राहायला गेले. तिथे सातव्या मजल्यावर खाजगी बाग आहे म्हणे. फुफ्फुस सोबत घेऊन गेले. निरोपसमारंभाचं मानपत्र कोणी लिहिलं ते विचारू नकोस.

मी ओवळ बघायला गेलो त्याला आता दोन वर्षं होतील. वहिनी रोज विचारायच्या, म्हणून गेलो. कांजूरमार्गच्या खाडीच्या अंगाला एक उघडा तुकडा आहे, कचऱ्याच्या डोंगराचा वास येतो तिथे. रांगेत साठेक खुंट उभे होते, प्रत्येकावर बिल्ला. एका झोपडीत वॉचमन होता, त्याने चौकशी न करता आत सोडलं. म्हणाला, इथे काय चोरणार कोणी. एकतीस नंबर शोधायला वेळ लागला. सालीवर नखाने ओरखडा काढून पाहिला. आत तपकिरी, कोरडं. गोणपाट तसंच गुंडाळलेलं होतं, दादा. सोडलंच नव्हतं कोणी. मुळांना कळलंसुद्धा नसेल की आपण पोचलो.

घरी आलो तर वहिनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. मी म्हटलं, पालवी फुटलीय. दोन ठिकाणी. का म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून तोंडातून निघालं. आणि एकदा पालवी फुटली म्हटल्यावर दादा, ती वाढवावी लागते. पुढच्या महिन्यात तीन फांद्या झाल्या. मग पाखरू बसलं. मला वाटायला लागलं की मी चिटणीस व्हायच्याऐवजी झाडच व्हायला हवं होतं, इतकी माझी वाढ होत होती. एकदा गडबडीत मी म्हणालो, सध्या पानगळ झालीय, पण घाबरू नका. वहिनी म्हणाल्या की ओवळ कधी उघडी पडत नाही, बारमास हिरवी असते. मी म्हटलं, कांजूरची हवा वेगळी. त्या "आसात, हवा वेगळी आसात" म्हणाल्या आणि आत गेल्या.

मागच्या महिन्यात बाग परत मिळाली. फीत कापली, पेढे वाटले. आत गेलो तर जमिनीवर हिरवी सतरंजी. प्लास्टिकचं गवत, भिंतीपासून भिंतीपर्यंत. खाली काँक्रीट. कडेला कुंड्या, त्याही काँक्रीटच्या, त्यात जी झाडं आहेत ती हाताने धुता येतात. एक सिमेंटचं हरीण आहे, त्याला पहिल्याच दिवशी शिंग राहिलं नाही. आणि संघाला पत्र आलं की हरित क्षेत्राच्या देखभालीची जबाबदारी पूर्ववत रहिवाशांची, आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम मारावा. त्यावर आमच्या दोन बैठका झाल्या. व्हॅक्यूम कोणाच्या घरचा वापरायचा यावर अडलंय.

मे महिन्याच्या उन्हात ते गवत इतकं तापतं की मुलं दोन पावलं जाऊन परत फिरतात. परवा सकाळी फाटकाशी आवाज ऐकू आला म्हणून उतरलो. सोनूवहिनी दोन बादल्या घेऊन आत जात होत्या आणि नवा सिक्युरिटीवाला त्यांना अडवत होता. त्याचं म्हणणं, प्लास्टिकला पाणी कशाला घालताय, खराब होतं, नियमात बसत नाही. फलकावर तसा नियम आहे, नऊ नंबरचा. वहिनी म्हणाल्या, "गवताक नाय रे. पोरांचे पाय भाजतत." त्यांचं वय शहात्तर आहे. बादल्या खाली ठेवलेल्या नव्हत्या. तो माझ्याकडे बघून म्हणाला, साहेब, तुम्ही सेक्रेटरी ना, तुम्ही समजवा यांना. मी त्या पोऱ्याला ढकललं, दादा. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला ढकललं. तो दीड इंच सरकला असेल, माझी कंबर मात्र त्याच दिवसापासून धरलीय. वहिनी आत गेल्या आणि पाणी शिंपडून आल्या. संघाने माझ्याकडे खुलासा मागितलाय, आणि तो खुलासा इतिवृत्तात मलाच लिहायचा आहे.

असो. तू म्हणशील मुंबईवाल्यांच्या रडगाण्याला अंत नाही. वहिनीला नमस्कार सांग, गोठ्यातल्या नव्या वासराला माझ्यातर्फे खाजव, आणि पोरांना आशीर्वाद. डोळ्यात औषध वेळेवर घाल.

तुझा धाकटा,
दत्ताराम

ता. क. श्रुतिकाच्या नवऱ्याची बदली बंगळूरला झाली. गेल्या दिवाळीतच गेली सगळी. वर लिहायचं राहून गेलं. मेट्रो तिथेही आहे म्हणते.

ता. क. २. आता खरं काम लिहितो. ज्येष्ठात धाकूची तिथी आहे आणि सोनूवहिनी म्हणतायत की त्या दिवशी मला ओवळ दाखवायला ने, मी तिला हात लावून येते. मी दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा जमणार नाही. तुझ्या रोपवाटिकेत ओवळीचं मोठं झाड असेल तर पाठव. निदान पुरुषभर उंच, मनगटाएवढं जाड, चार-सहा फांद्या असलेलं. तुमच्याकडचे चाकरमानी या आठवड्यात आंबे-फणस घेऊन परत येतील, त्यांच्यातल्या कोणाच्या तरी गाडीच्या टपावर बांध. कांजूरच्या वॉचमनशी माझं बोलणं झालंय, एकतीसचा खुंट काढून त्या जागी हे लावू, बिल्ला तोच ठोकू. छाटल्यामुळे लहान दिसतं असं मी सांगेन. हे कोणाला बोलू नकोस. तुझ्या घरात वहिनीलासुद्धा नाही.

ता. क. ३. वरचं लिहून पाकीट बंद करणार एवढ्यात सोनूवहिनी आल्या, कंबरेला शेकायला मिठाची पुरचुंडी घेऊन. पत्र कोणाला म्हणून विचारलं. मी म्हटलं, धोंडूदादाला, असंच. झाडबीड मागवतोयस काय, असं त्या म्हणाल्या आणि मी पाकीट घाईघाईने मांडीखाली सरकवलं.

दादा, त्या सहा महिन्यांपूर्वी एकट्या रिक्षा करून कांजूरला जाऊन आल्या आहेत. वॉचमनने त्यांना एकतीस नंबर दाखवला. तो म्हणाला की एक म्हातारा दर महिन्याला बाटली घेऊन येतो आणि या मेलेल्या झाडाला पाणी घालतो, डोक्यावर परिणाम झाला असावा. (मी तुला लिहिलं की मी बघायला गेलो. किती वेळा ते लिहिलं नाही. बाकी चिटणीसाला कळायला हवं की मेल्या झाडाला पाणी घालून काही होत नाही. पण आता लिहून टाकतो.) मी विचारलं, मग इतके महिने माझ्याकडून पालव्या का ऐकून घेतल्यात? त्या म्हणाल्या, "तुका वायट वाटात म्हणान. तू इतक्या मनापासून सांगत होतंस."

मग त्यांनी मला मागचा ता. क. मोठ्याने वाचायला लावला. पुरुषभर उंच, मनगटाएवढं जाड ऐकून मान हलवली. त्यांचं म्हणणं असं की मोठं झाड आणलं की त्याला परत नंबर मिळतो. म्हणून वीतभर मागव, चार पानांचं, कोणाच्या डोळ्यावर न येणारं. विजेच्या खोलीमागे केबल टाकायला मेट्रोवाल्यांनी काँक्रीट फोडलं होतं, तिथे हातभर माती उघडी राहिलीय आणि तिकडे कोणी फिरकत नाही. कवटीला घाबरतात. मी म्हटलं, वहिनी, वीतभर रोप मोठं व्हायला वीस वर्षं लागतील, तुम्ही शहात्तरच्या, मी सदुसष्टचा. त्या म्हणाल्या, मोठा होयपर्यंत कोणाक कळूक नको, इतक्याच आपला काम.

तर दादा, वरचं मोठं झाड रद्द. वीतभर पाठव. दोन पाठव, एक मरतं.